ब्याऐंशीचे दोन सेंट

अमरावतीला कॅम्पातल्या भाजीवाल्यांच्या रांगेत एखादं नवं माणूस ‘सेंटवाले गोवर्धनजी कुठं बसतात’ म्हणून विचारत आलं, की कांदेवाली बाई आधी नाक वर करून हवा हुंगायची आणि मग म्हणायची, “वास नाई येत त्याईच्या सेंटाले. ते पाहा, मेथीच्या मागं बसून हायेत.” सेंट म्हणजे अत्तर, हे सगळ्या दुनियेचं. गोवर्धनचा सेंट तांब्याचा होता, अमेरिकेचा होता आणि जेमतेम आपल्या आठ आण्याएवढा होता.

वलगावच्या वाटेवर त्याची दीड एकर काळी जमीन. तीत मेथी, पालक, भेंडी, वांगी आणि बांधाच्या कडेनं सांभार, म्हणजे कोथिंबीर. सकाळी तोडायचं, कॅम्पात आणून बसायचं, ऊन चढलं की घर. कॅम्पातल्या निम्म्या बंगल्यांची पोरं अमेरिकेत. ती सुटीला आली की त्यांच्या खिशातून तांबडी चिल्लर गळायची. तिला इकडे कोणी विचारत नसे. ती ड्रॉवरात, देवघरात, नाहीतर सोफ्याच्या फटीत जाऊन पडायची आणि तिथून कधीतरी गोवर्धनच्या टोपलीत यायची. पाच सेंटांना मेथीची एक जुडी, हा त्यानं लावलेला भाव, आणि बायका तो हसत हसत पाळायच्या.

वेड लागलं होतं ते पोरवयात. त्याचा बाप मिशनच्या एका बंगल्यात माळी होता. तिथली म्हातारी मेमसाब कायमची मायदेशी निघाली तेव्हा तिनं सामान आवरता आवरता एक बिस्किटाचा डबा गोवर्धनच्या हातात दिला. तो घरी येईपर्यंत खाऊ समजून वाजवत राहिला. उघडला तर आत साठ-सत्तर सेंट. त्याला इंग्रजी आकडे वाचता येत होते, तेवढं पुरलं. पुढे पोरगी रागिणी शिकली, तिनं मोबाइलवर एकेकाची हकिकत वाचून दाखवली आणि त्यानं ती कधी विसरली नाही.

आता पासष्टीच्या घरात त्याच्याकडे रोपं लावायचे दोन काळे ट्रे भरून सेंट होते. वांग्याचं बी टाकायचे तेच ट्रे, एकेकाला एकशे चार खड्डे. खड्ड्याला एक साल, सालाला एक सेंट. नावंही त्यानं आपलीच ठेवली होती. १८५८ चा ‘गरुडवाला’, पंख पसरून उडणारा. त्यानंतर पन्नास वर्षं चाललेली ‘पिसंवाली’, डोक्यात पिसांचा टोप घातलेली बाई. तिकडे तिला इंडियन हेड म्हणतात, असं रागिणीनं वाचलं तेव्हा त्याची बायको पार्बताबाई हातातलं लाटणं ठेवून बघायला आली होती. बराच वेळ निरखून म्हणाली, “आपली नाई वाटत. कुंकू नाई.”

त्यातला १८६४ चा सेंट तो चिमटीत धरून गिऱ्हाइकाला दाखवी. “हा पाडला तवा अमेरिकेत आपसातच लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस बंद पडला अन् विलायतेच्या गिरण्या आपल्या वऱ्हाडाच्या कापसावर तुटून पडल्या. हा तिकडे कोनाच्या खिशात होता तवा इकडे अमरावतीत गठ्ठे ठेवाले जागा नव्हती.” मग १९०९ पासूनचा ‘ओंबीवाला’. पुढे दाढीवाला लिंकन, मागे गव्हाच्या दोन ओंब्या. ओंबीची लांब कुसळं पाहून गोवर्धन छातीठोक सांगे, की हा बन्सी गहू आहे, दुसरा कोणता असूच शकत नाही. त्या तांबड्या ओळीत मधेच एक करडा खड्डा होता, १९४३ चा. त्या साली लढाईला तांबं लागलं म्हणून सेंट पोलादाचा पाडला होता. चुंबकाला टचकन चिकटे. “अन् त्याच साली इंग्रजानं आपल्या पैशाले मधात भोक पाडलं. तेबी तांबं वाचवाले. तिकडे लोखंड, इकडे भोक. लढाई एकच.”

पोलादाचा सेंट निदान खोटं बोलत नव्हता. खोटारडा होता तो १९८२ चा. तांबं इतकं महागलं, की त्या वर्षी मधेच कधीतरी टांकसाळीनं सेंटाच्या पोटात जस्त भरायला आणि वर तांब्याचं नुसतं कातडं चढवायला सुरुवात केली. त्यानंतरचे सगळे सेंट तसेच. पण त्या एका सालाचे दोन जातींचे निघाले. रंग तोच, तोंड तेच, साल तेच. पोटात काय आहे ते वजनावरून कळे, नाहीतर आवाजावरून. म्हणून सगळ्या ट्रेमध्ये ब्याऐंशीचे तेवढे दोन होते, शेजारशेजारच्या खड्ड्यांत, एक तांब्याचा आणि एक जस्तपोट्या.

गोवर्धनला त्यासाठी काटा लागत नसे. तो सेंट घरच्या पाट्यावर टाकी, हातभर उंचीवरून. तांब्याचा टन्न करून लांबपर्यंत वाजत राही. जस्ताचा थड्‌ करून गप्प बसे. कोणी नवं नाणं आणलं की आधी ते पाट्यावर पडणार. “काटा बिघडते,” तो म्हणे. “कान नाई बिघडत.”

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. निदान गोवर्धनचा तसा समज होता. मोबाइलच्या कंपन्यांनी आवाज कमी केला होता, बसचे कंडक्टर पुटपुटत होते, आणि घरी पार्बताबाई पाठ फिरवून बोलायची वाईट सवय लावून घेत होती. रागिणी एकदा म्हणाली, “बाबा, अकोल्याले कानाचे चांगले डॉक्टर हायेत, एकदा दाखवून तर पाहू.” त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढला नाही. सगळी मात्र जोरात बोलायला लागली, त्याच्या समोर येऊन, आणि त्याला वाटलं, की लोक सुधारले.

दिवाळीच्या साफसफाईत पार्बताबाईच्या हातून एक ट्रे उपडा झाला. गोवर्धन ओरडला नाही. सगळी नाणी सालावरून पुन्हा बसवली. उरले ब्याऐंशीचे दोन. त्यानं पाटा पुसला आणि पहिला टाकला. थड्‌. दुसरा टाकला. थड्‌. त्यानं पाटा उलटा करून पाहिला, खाली गोणपाट तर राहिलं नाही ना. पुन्हा टाकले. दोन्ही सारखेच, जणू ओल्या मातीवर पडावेत. पार्बताबाई तिथंच चार हातांवर डबे घासत बसली होती. ‘यातला कोनता वाजते?’ एवढंच तिला विचारायचं होतं. त्यानं विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला दुसरा सेंट जरासा जास्त वाजला, असं त्यानं ठरवलं, आणि तो तांब्याच्या खड्ड्यात ठेवून दिला.

ठरवलं. ऐकलं नाही. हा फरक त्याला तेव्हाही माहीत होता.

त्या जूनमध्ये रागिणी बाळंत झाली होती, माहेरीच. मुलगी झाली, गालांनी भरलेली, म्हणून घरात तिला ठमी म्हणायचे. दिवाळी झाली, पोरीला पाचवा महिना सरत आला आणि अकोल्याहून रागिणीच्या सासूचा, आशाबाईचा, फोन आला. आता आमची अमानत आमाले धाडा. येताना पोरीच्या गळ्यात तांब्याचा पैसा बांधून आणा.

“भोकाचा पैसा होता आमच्या घरी,” आशाबाई म्हणाली. तिचा आवाज असा होता की फोन हातभर लांब धरला तरी चाले. “तुमच्या जावयाले, जीवनले, बांधला होता लायनपनी. कुठं गेला काय माहीत. आता बजारात पाहाव तर नकली. मी म्हटलं, आपले इवाईबुवा पैशाचे राजे, त्याईच्या घरी का तांब्याले तोटा हाय?”

भोकाचा जुना पैसा गोवर्धनला कुठंही मिळाला असता. पण राजे म्हटल्यावर बाजारातून आणणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्यानं ट्रे काढला आणि अडला. नाण्याला भोक पाडलं की ते मेलं, असं तो सगळ्यांना सांगत आलेला. गरुडवाल्याला खिळा मारायचा? पिसंवालीला? ओंबीवाल्यांची तर एकही जागा रिकामी व्हायला नको होती.

“द्या ना एखादा चांगला,” पार्बताबाई म्हणाली. “पोट्टीच्या गळ्यात तर जाऊन रायला.”

“एका सालाचा एकच हाय. ओळ तुटते.”

“वं बाई. ओळ तुटते म्हने.”

“ब्याऐंशीचे दोन हायेत. त्यातला तांब्याचा देतो. चांगलाच हाय तो.”

त्यानं तो दगडावर धरला, वर खिळा ठेवला आणि हातोडी मारली. तांबं चिवट असतं, तीन-चार घाव खातं. हा एकाच घावात फुटला, पेरूत सुरी जावी तसा. अजून हातात जोर आहे म्हणून त्याला बरं वाटलं. भोकाच्या काठाला करडी चमक दिसली. ती खिळ्याच्या लोखंडाची असणार. पार्बताबाईनं लगेच काळा दोरा ओवून गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी कॅम्पात निवृत्त मास्तरीण रश्मीताई भाजीला आल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो.

“गोवर्धनजी, चवळी आहे का?”

“कोवळीच हाय ताई. आज सकाळी तोडली,” म्हणत त्यानं अर्धा किलो भेंडी तोलून त्यांच्या पिशवीत ओतली. रश्मीताईंनी भेंडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि भेंडीचे पैसे दिले. मग पुढे वाकून, शब्द सुटे सुटे करून म्हणाल्या, “बातमी वाचली का? अमेरिकेनं सेंट पाडणं बंद केलं. आता नवीन निघणार नाही.”

“बंद?”

“परवडत नाही म्हणे.”

“त्याईले परवडत नाई, मले परवडते,” गोवर्धन म्हणाला. रांगेतले हसले. पण टोपली आवरताना त्याला कसंतरीच वाटत होतं. दोनशे तीस वर्षं चाललेली वस्तू बंद पडली, आणि हे ज्या दिवशी त्याला कळलं त्याच दिवशी त्याची नात अकोल्याच्या गाडीत बसली, गळ्यात सेंट घालून. तो असं काही मानणारा नव्हता. तरी त्यानं गाडी दिसेनाशी होईपर्यंत पायात चप्पल न घालता रस्त्यावर उभं राहून पाहिलं.

अकोल्याला आशाबाईनं त्या पैशाची फार बडदास्त ठेवली. दर अमावास्येला ती तो चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवी, सकाळी घासून लख्ख करी आणि परत बांधी. पहिल्या अमावास्येला भोकाच्या काठाला पांढरं पांढरं सुटलं, पिठासारखं. दुसऱ्या वेळी जास्त. आशाबाईचा जीव हरखला. तिनं शेजारणींना दाखवलं: पाहा, पैसा दृष्ट ओढून रायला, अन् पांढरं करून बाहेर टाकून रायला. मग व्याह्याला कळवायला तिनं फोन लावला.

“इवाईबुवा, लय गुनाचा पैसा दिला तुमी. पांढरं सोडते तो. दृष्टच हाय ते.”

गोवर्धन वाफ्यात पाणी धरून उभा होता, मोटार चालू होती. त्याला ‘सोडते’ ऐकू आलं. तांबं काय सोडतं ते त्याला माहीत होतं, हिरवा कळंक. चिंचेनं घासलं की निघतो.

“हो हो,” तो म्हणाला. “होतेच तसं. घासत जा.”

आशाबाई घासत गेली. पौषात, माघात, फाल्गुनात. भोक मोठं होत गेलं, त्याच्या काठाला धार आली. ठमीला दात फुटायला लागले तशी ती दिवसभर तो पैसा तोंडात धरून चोखायची. काळा दोरा त्या धारेवर रोज थोडा थोडा कातरला जात होता, आणि त्या घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

एप्रिलच्या एका रविवारी संध्याकाळी दोरा राहिला गळ्यात आणि पैसा गेला पोटात.

जावई जीवननं तिला लगेच दवाखान्यात नेलं. फोटो काढला. पोटात गोल, पांढराशुभ्र ठिपका. डॉक्टरांनी विचारलं, कसलं नाणं आहे. सगळ्यांनी सांगितलं, तांब्याचं, जुनं. घशात अडकलं नाही, पोटात उतरलंय, चार दिवसांत शौचावाटे पडून जाईल, रोज तपासत राहा, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. सोमवारी सकाळी अमरावतीला फोन आला तेव्हा पार्बताबाईनं आधी डोळ्यांना पदर लावला आणि मग नवऱ्याच्या समोर जाऊन सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. गोवर्धनही सैल झाला. लहान असताना रागिणीनं शर्टाचं बटण गिळलं होतं, ते त्याला आठवलं. दिवसभर त्यानं रांगेत हीच गोष्ट सांगितली.

मंगळवारी दुपारी तो जेवायला बसला होता. पार्बताबाई वाढता वाढता म्हणाली, “आता ईनबाईचा फोन आला होता. अजून पडला नाई. पोट्टी काई खाऊन नाई रायली, दोनदा उलटी झाली म्हने. पन त्या म्हनतेत भेव नका. पैसा गुनाचा हाय. गळ्यातली दृष्ट ओढली, आता पोटातलीबी ओढीन. इतकं पांढरं सोडे तो.”

गोवर्धनचा घास हातात राहिला.

“काय सोडे?”

“पांढरं.”

“हिरवं म्हन.”

“पांढरं वो. पिठावानी. त्याईनं तर तुमाले फोनवर सांगतलं होतं. तुमी म्हने त्याईले म्हटलं, होतेच तसं.”

तो उठला. हात धुतला नाही. ट्रे काढला, ब्याऐंशीच्या जोडखड्ड्यात उरलेला एकटा सेंट बाहेर घेतला आणि पाटा ओढून त्याच्यावर टाकला. थड्‌. असाच हवा होता; हा जस्ताचाच होता, हाच उरायला पाहिजे होता. तरी त्यानं शेजारच्या खड्ड्यातला १९८१ चा काढला. हा अस्सल तांब्याचा, यात शंकाच नाही. तो टाकला. थड्‌.

मग त्यानं पुन्हा ब्याऐंशीचा उचलला.

“इकडे ये वं,” तो म्हणाला. “आयक. कसा वाजते सांग.”

त्यानं सेंट सोडला.

“घंटीवानी,” पार्बताबाई म्हणाली. “अजून वाजून रायला.”

गोवर्धन पाट्याकडे पाहत होता. सेंट त्याच्यावर आडवा पडला होता, किंचित थरथरत. त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

तांब्याचा इथं होता. जस्ताचा अकोल्याला, दहा महिन्यांच्या पोरीच्या पोटात. चिंचेच्या कोळात जे पीठ होऊन गळत होतं ते आता पोटाच्या आंबट पाण्यात पडून होतं, आणि मधोमध त्यानं स्वतः पाडलेलं भोक. कातडं फाडून ठेवलेलं. बाहेरचं तांबं शाबूत असतं तर कदाचित वेळ मिळाला असता. त्यानं फोन उचलला तेव्हा आकडा दोनदा चुकला.

“रागिणी, जस्त हाय त्यात.”

पलीकडून काहीतरी आलं, पाण्याखालून बोलल्यासारखं.

“जस्त हाय. जस्त.”

रागिणीचा आवाज चढला असावा. तुटक तुकडे आले. “...काय जास्त हाय, बाबा? ...उलट्या? ...कमी हायेत आता...”

“जास्त नाई. जस्त.” तो ओरडत होता. “पैशात. पोटात जस्त हाय त्याच्या.”

“...जास्त कायचं बोलून रायले तुमी? नीट बोला ना...”

पार्बताबाईनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला. जस्तानं पोटात काय होतं ते तिला कळत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड तिनं चाळीस वर्षं पाहिलं होतं. “रागिणी, आयक. तो पैसा तांब्याचा नाई. बाबा चुकले. वरून तांबं, आतून जस्त, पत्र्यावर चढवतेत ते. आता उचल पोट्टीले अन् जा. वाट पाहू नको. डॉक्टरले हेच सांग, जस्त.”

‘बाबा चुकले’ हे त्याला तिच्या ओठांवरून कळलं.

दोघं मिळेल त्या बसनं निघाली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. एप्रिलचं ऊन खिडकीतून आत येऊन मांडीवर बसलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी काळी रानं भेगाळून पडली होती. पार्बताबाईच्या फोनवर बोलणी होत होती आणि गोवर्धन तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. मूर्तिजापूरला तिनं फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

“काय म्हने?”

ती त्याच्याकडे वळली. “दुसरा फोटू काढला. शी काळी झाली पोट्टीले.”

त्यानं पुढे विचारलं नाही. खिशात ब्याऐंशीचा सेंट होता, डॉक्टरांना दाखवायला घेतलेला. तो त्यानं इतका घट्ट धरला होता की तळहातावर लिंकनचं डोकं उमटलं.

दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा जीवन कागदावर सही करत होता. रागिणी भिंतीला टेकून उभी होती, ठमी तिच्या खांद्यावर, पिळलेल्या फडक्यासारखी. डॉक्टरांनी दोन्ही फोटो उजेडावर लावले होते. पहिला गोल. दुसऱ्यातल्या गोलाचा काठ उंदरानं कुरतडल्यासारखा, आणि मधलं भोक दुपटीनं मोठं.

“दोन दिवसांत एवढं झिजलंय,” डॉक्टर म्हणाले. ते तरुण होते आणि गोवर्धनच्या समोर उभे राहून बोलत होते, म्हणून त्याला कळत होतं. “दुर्बीण घालून काढावं लागेल, आत्ताच. मला तांब्याचं सांगितलं होतं. हे नाणं कोणी दिलं हिला?”

“मी,” गोवर्धन म्हणाला.

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

त्यानं खिशातला सेंट काढून पुढे केला, जणू त्यानं उत्तर होणार होतं. मग हात खाली घेतला.

“दोन होते. एक चांगला, एक असा. मी वाजवून पाहातो साहेब, त्यावरून समजते. समजत होतं.” त्यानं रागिणीकडे पाहिलं नाही. “मले आयकू येत नाई. दिवाळीले दोन्ही वाजवले, मले एकबी आयकू आला नाई. मी अंदाजानं दिला.”

बाकावरून आशाबाई उठून समोर आली. रडून तिचे डोळे सुजले होते. ती आज पहिल्यांदाच हळू बोलली, आणि तरीही तिचं तोंड इतकं जवळ होतं, की प्रत्येक शब्द त्याला दिसला.

“तुमाले आयकू येत नाई हे आमाले माहीत होतं, इवाईबुवा. सगयाईले माहीत होतं. आमाले वाटे, तुमालेबी माहीत असंल.”

मग ती खाली बसली आणि म्हणाली, “चिंच तर मीच लावली ना.” तिच्या पाठीवर पार्बताबाईनं हात ठेवला.

ठमीला आत नेलं. दार लागलं. संध्याकाळचं ऊन जिन्याच्या खिडकीतून सरकत सरकत समोरच्या भिंतीवर चढलं. जीवन येरझाऱ्या घालत होता. त्याच्या चपलांचा आवाज येत असणार. गोवर्धनच्या भोवती सगळं मुकं होतं. मेथी विकताना, गाडीत, घरात, ही दोन-तीन वर्षं तो लोकांचे ओठ पाहून ऐकत आला होता आणि त्याला कान म्हणत आला होता.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, तोंडावर हिरवं फडकं बांधलेलं. ते बोलायला लागले. गोवर्धनला फक्त डोळे दिसत होते, आणि डोळ्यांत काही नव्हतं, थकवा होता. फडकं आतून हलत होतं. जीवननं कपाळाला हात लावला. रागिणी भिंतीवरून घसरत खाली बसली आणि तिनं तोंड ओंजळीत झाकलं. ती रडत होती. बायका पोर वाचल्यावरही अशाच बसतात आणि गेल्यावरही अशाच बसतात. त्यानं पार्बताबाईकडे पाहिलं. तिनंही पदर तोंडावर घेतलेला.

असं काही झालं, की तो मान हलवून हो म्हणे आणि पुढचं हळूहळू कळून घेई. मान हलायला लागलीही होती.

तो डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

“साहेब, मले आयकू आलं नाई,” तो म्हणाला. “तोंडावरचं काढा अन् पुन्हा सांगा.”

डॉक्टरांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि फडकं हनुवटीखाली ओढलं. “नाणं निघालं,” ते म्हणाले, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून. “पण आत जखम झाली आहे. खोल आहे. जस्त रक्तातही गेलंय. तीन दिवस काही सांगता येणार नाही.”

“हाय पन?”

“आहे. अजून आहे.”

डॉक्टर पुन्हा आत गेले. गोवर्धननं पार्बताबाईच्या तोंडावरचा पदर हळूच बाजूला केला. “किती दिवस म्हने?”

“तीन.”

“तीन,” तो म्हणाला. मग रागिणी बसली होती तिच्या समोरच्या भिंतीशी, तिचं तोंड दिसेल अशा बेतानं, तो खाली फरशीवर बसला.